घर चाकांवर, स्प्लेंडर पिकअपमध्ये!

कॅम्पर व्हॅननं फिरायची फॅशन आता आपल्याकडेही आलीय. पण चाकांवरचं घर एकदा पार्क केलं की गावात फिरायचं कशानं? पुणे ते वडूज, व्हाया वर्धनगड घाट : एक आजोबा, एक कॅम्पर आणि २००१ सालची एक बाईक.

वीकेंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लोणावळा, पाचगणी, अलिबाग. फारच हिंमत केली तर दिवेआगर. तिथे पोचेपर्यंत अर्धा शनिवार ट्रॅफिकमध्ये जातो आणि उरलेला अर्धा हॉटेलच्या रिसेप्शनवर. म्हणूनच कॅम्पर व्हॅनची कल्पना ऐकली की ऑफिसमधल्या प्रत्येकाचे डोळे चमकतात. बेड आपला, किचन आपलं, बाथरूमही आपलंच. चेक-इन नाही, चेक-आऊट नाही. वाटलं तिथे थांबा, नाही वाटलं तर पुढे चला! महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून भाड्यानं मिळणाऱ्या अशा गाड्या पुण्या-मुंबईत दिसायला लागल्या आहेत.

पण बॉस, या स्वप्नात एक छोटीशी अडचण आहे. घर घेऊन दूध आणायला जाता येत नाही.

अमेरिकेत ही अडचण फार जुनी आहे. तिकडे रिटायर्ड जोडपी चक्क राहतं घर विकून तीस-चाळीस फुटी ट्रेलरमध्ये संसार थाटतात आणि वर्षभर फिरत राहतात. त्यातल्या मोठ्या ट्रेलरना ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. एकदा हे धूड झाडाखाली लावलं की पुढचे चार दिवस गावात हिंडायला काहीतरी लहान, चपळ लागतं. मग मोटरसायकल बरोबर न्यायची. ती ठेवायची कुठे आणि बांधायची कशी, यावर तिकडची माणसं तासन्‌तास वाद घालू शकतात.

हा वाद आमच्या घरी आला तो वडूजमुळे.

वडूज? ते कुठे आलं?

हा प्रश्न मला कॉलेजपासून विचारला जातोय, म्हणून एकदाच सांगून टाकते. वडूज हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. होय, तालुका खटाव आणि कचेरी वडूजला. गाव येरळा नदीच्या काठी वसलंय. ही येरळा खटाव तालुक्यातच उगम पावते, दक्षिणेला सांगली जिल्ह्यात उतरते आणि तिथे कृष्णेला मिळते. साताऱ्याहून पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटर, पुण्याहून दीडशेच्या वर. आणि पाऊस? तो महाबळेश्वरला इतका पडतो की इकडे पोचेपर्यंत ढगांकडे काही उरतच नाही! खटाव, माण, आटपाडी हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. म्हणूनच इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. कुणी मुंबईला गिरणीत गेलं, कुणी सैन्यात, तर कुणी सोन्या-चांदीच्या गलाई कामासाठी पार देशाच्या दुसऱ्या टोकाला.

माझे आजोबा मात्र गेले नाहीत. त्यांनी शेती केली, शाळेत शिकवलं आणि रिटायर झाल्यावर २००१ मध्ये एक काळी हिरो होंडा स्प्लेंडर घेतली. घरापासून मळ्यापर्यंत रोज दोन फेऱ्या, शिवाय बाजार, लग्नं, मयती, सगळं त्याच गाडीवर. आजी गेल्यावर ते आमच्याकडे पुण्याला आले आणि स्प्लेंडरही आली. नंबर अजून एमएच-११, म्हणजे साताऱ्याचा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती कव्हर घालून उभी असायची. आजोबा दर रविवारी खाली जाऊन एक किक मारायचे. मागच्या दिवाळीनंतर सोसायटीनं नोटीस काढली : वापरात नसलेली वाहनं हलवा.

आईनं भंगारवाल्याचं नाव काढलं आणि आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “चुलत्याच्या नातवाला देऊ. मळा तोच बघतोय. पण नुसती पाठवायची नाही. मी एकदा तिच्यावर बसून मळ्यापर्यंत जाणार, मग किल्ली देणार.”

आजोबा चौऱ्याऐंशीचे. गुडघे गेलेले. दर तासाला बाथरूमला जावं लागतं, त्यामुळे एसटी बाद आणि साधी कारही नको वाटते. मग मीच म्हटलं, कॅम्पर घेऊ. ड्रायव्हरसकट तीन दिवस. आजोबा आडवे होऊन येतील, बाथरूम गाडीतच आहे, आणि वडूजला बंद पडलेल्या वाड्यात झोपायचा प्रश्नही मिटेल. जानेवारी महिना, थंडी, शाळू हुरड्यात आलेला. प्लॅन फिट होता! राहिला प्रश्न स्प्लेंडरचा. “मी चालवत आणते की,” मी म्हटलं. त्यावर आजोबा म्हणाले, “आणि मला बाथरूमला नेताना तुझी आई एकटी धरणार होय?” विषय संपला. बाईक बरोबर न्यायची, पण चालवत नाही.

पाचवं चाक आणि दोन बैल

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, बोअर करणार नाही.

‘पाचवं चाक’ हे नाव मुळात घोडागाडीच्या जमान्यातलं. पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी गोल कडी असायची, चाकासारखी दिसणारी. तेच हे पाचवं चाक. पुढे मोटारी आल्या, ट्रेलर आले. आता हे चाक म्हणजे ट्रकच्या मागच्या आसावर बसवलेली ग्रीस लावलेली जाड लोखंडी थाळी. ट्रेलरच्या नाकाखालचा खुंट तिच्यात अडकतो. आपल्याकडे या जोडणीचा कॅम्पर तुम्हाला सहसा दिसणार नाही, पण जोडणी मात्र रोज दिसते. हायवेवरचे कंटेनरचे ट्रेलर असेच जोडलेले असतात. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची लांबच लांब पाती अशाच ट्रेलरवरून आली. म्हणजे पाचवं चाक आमच्या भागाला नवीन नाही, फक्त त्याच्यावर कुणी स्वयंपाक केला नव्हता.

या जोडणीची खुबी अशी की ट्रेलरच्या वजनाचा मोठा वाटा, साधारण १५ ते २५ टक्के, थेट ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या आसावर बसतो. साध्या हूकवाल्या ट्रेलरमध्ये हाच वाटा १० ते १५ टक्के धरतात. हा भार म्हणजे ट्रेलरचा लगाम. तो कमी झाला की ट्रेलरचं शेपूट हलायला लागतं, आणि ऐंशीच्या स्पीडला हललेलं शेपूट ड्रायव्हरचं ऐकत नाही. आता विचार करा, अशा ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला दोनशे किलोची बाईक टांगली तर काय होईल? सी-सॉवर मागं जाडा मुलगा बसला की पुढचा हवेत, तेच. म्हणून तिकडे ‘टॉय हॉलर’ नावाचे खास ट्रेलर मिळतात. त्यांच्या मागच्या भागात बाईकसाठी चक्क गॅरेज असतं आणि मागचा दरवाजाच रॅम्प म्हणून खाली उघडतो. हे ट्रेलर रिकामे असताना मुद्दाम नाकावर जास्त भार देतात, म्हणजे मागं बाईक चढली तरी तोल जात नाही.

हे सगळं मी इंग्रजीत वाचून आले होते. आजोबांना समजावायला गेले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“म्हणजे गाडी उलाळ होते म्हण की.”

उलाळ! बैलगाडीत ओझं मागं जास्त झालं की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. ती गाडी उलाळ. ओझं पुढं जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. ती गाडी धुरजड. चांगला गाडीवान गाडी जराशी धुरजड भरतो, उलाळ कधीच नाही. इंजिनिअर जे १५ ते २५ टक्क्यांत सांगतात, ते खिलारी बैलांच्या या मुलखात दोन शब्दांत सांगून झालेलं आहे.

चार पर्याय, एक स्प्लेंडर

आमचा कॅम्पर ट्रेलरवाला नव्हता. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली व्हॅन होती. तरी प्रश्न तोच. आम्ही चार पर्याय तपासले.

पहिला, व्हॅनच्या मागे रॅक लावून त्यावर बाईक. दिसायला एकदम कूल. पण हिशेब करून बघा. समजा, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसात ३.३५ मीटर अंतर आहे आणि ११० किलोची स्प्लेंडर मागच्या आसाच्या मागे २ मीटरवर टांगली आहे. मागच्या आसावर ११० नाही, तब्बल १७६ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे ६६ किलो उडून जातात. म्हणजे ज्या चाकांनी वळायचं तीच हलकी. बुलेट असेल तर आकडे जवळजवळ दुप्पट. शिवाय रॅकचं वजन वेगळंच. वर मागची नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात, ते चालत नाही. गाडीवाल्यांनी ‘नाही’ म्हटलं, आणि बरोबरच म्हटलं.

दुसरा, व्हॅनच्या मागे छोटा ट्रेलर. आपल्याकडे ट्रेलरचीही वेगळी नोंदणी लागते, आणि भाड्याच्या गाडीला कुणी हूक लावू देत नाही. शिवाय ट्रेलर रिव्हर्स घेणं ही एक स्वतंत्र कला आहे. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टरवाले ते दोन-दोन ट्रॉल्या लावून करतात, त्यांना माझा सलाम.

तिसरा, रेल्वे. लांबच्या प्रवासाला हा पर्याय झकास आहे. दोन प्रकार लक्षात ठेवा : तुमचं स्वतःचं तिकीट असेल तर बाईक ‘लगेज’ म्हणून जाते, तिकीट नसेल तर ‘पार्सल’ म्हणून. आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स लागतात, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि हेडलाइट, टाकी, आरसे नीट गुंडाळून पॅकिंग करावं लागतं. दिल्ली, कोलकाता, चेन्नईला ट्रान्स्फर झाली तर जरूर करा. पण वडूजला रेल्वे नाही. पुणे-मिरज लाईनवरची कोरेगाव, रहिमतपूर ही त्यातल्या त्यात जवळची स्टेशनं. जिथे गाडी जेमतेम दोन मिनिटं टेकते तिथे बाईक उतरवणार कोण? आणि उतरली तरी पुढे घाट आहेच.

चौथा पर्याय आजोबांनीच शोधला. “आमच्याकडनं पुण्याच्या मार्केट यार्डात रोज माल येतो. गाड्या रिकाम्या जातात परत.” पुसेगाव पट्ट्यातला बटाटा, खटावचा कांदा गुलटेकडीला उतरला की पिकअपवाल्याला परतीचं भाडं हवंच असतं. आजोबांनी दोन फोन केले. रात्री नऊला पिकअप आमच्या गेटवर हजर! अडीच हजारात सौदा ठरला.

ट्यूब विरुद्ध पट्टा

पिकअपवाला दादा चाळिशीचा, गळ्यात मफलर. मी ऑनलाइन मागवलेले चार रॅचेट पट्टे कौतुकानं काढले. त्यानं पिकअपमधून जुनी ट्यूब, दोर आणि एक फाटका टायर काढला. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“ताई, तुमचं पट्टं मस्त हायती. पर रातचं दीडशे किलोमीटर हाय, खड्डं हायती. पट्टा ताणत न्हाय, ट्यूब ताणती.”

त्याचं अर्धं बरोबर होतं. पट्टा घट्ट राहतो, पण बाईकचा शॉकअप खाली दाबला गेला नसेल तर पहिल्याच खड्ड्यात पट्टा सैल पडतो आणि हूक निसटू शकतो. त्यावरचा उपाय म्हणजे पट्टे ओढून पुढचा शॉकअप साधारण अर्धा दाबायचा. मग बाईकच पट्ट्यांना ताणून धरते. शेवटी तडजोड झाली. पुढून दोन पट्टे, मागून दोन पट्टे, आणि मधे ट्यूब ‘आमच्या समाधानासाठी’. पुढचं चाक केबिनच्या मागच्या जाळीला टेकवलं, मध्ये फाटका टायर. स्टँड वर. गिअर टाकलेला. पेट्रोलचा कॉक बंद.

आणि मग त्यानं मला न विचारता उरलेली रिकामी क्रेट्स बाईकच्या मागे नाही, तर पुढे केबिनला लावून रचली.

“मागं ठेवली की उलाळ व्हती,” तो म्हणाला. मी आजोबांकडे बघितलं. ते गालातल्या गालात हसत होते.

घाट ओलांडला की

सकाळी सहाला कॅम्पर निघाला. खंबाटकी घाट चढताना आजोबा आडवे होते. साताऱ्याला हायवे सोडला, कोरेगाव गेलं आणि वर्धनगडाच्या घाटाला ते उठून खिडकीशी बसले. इथून पुढे बघण्यासारखं असतं. घाटाच्या अलीकडे ऊस, विहिरी, हिरवं गार. डाव्या-उजव्या वळणांवर किल्ला दिसतो आणि खाली उतरलं की रंगच बदलतो. पिवळा शाळू, करडी माळरानं, मध्येच बाभळी. एका घाटाच्या अंतरावर दोन वेगळे देश.

पुसेगावला चहा घेतला. हे सेवागिरी महाराजांचं गाव. डिसेंबरच्या सुमाराला इथे मोठी यात्रा भरते आणि खिलार जनावरांचा बाजारही. इथूनच जवळ नेरचा ब्रिटिशकालीन तलाव आहे, येरळेचं पाणी अडवलेला. चहाच्या टपरीसमोर एक पिकअप उभी होती. त्यात शर्यतीचा एक देखणा खोंड, कपाळावर गुलाल, पोटाखालून मऊ पट्टा घेऊन बांधलेला. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये कोर्टानं कायदाही मान्य केला. तेव्हापासून या रस्त्यांवर बैलांची ये-जा वाढलीय. ज्यानं गाडी ओढायची तोच गाडीत बसून चाललाय! आजोबा म्हणाले, “बांधलाय बघ कसा. पुढं तोंड करून, भार मधोमध.”

वडूजला पोचलो तर चुलतभावाच्या खळ्यावर स्प्लेंडर आधीच उतरलेली होती. एक आरसा सोडला तर जशीच्या तशी. आरसा काढून ठेवायला हवा होता, हे पिकअपवाल्यानं आपणहून कबूल केलं आणि शंभर रुपये कमी घेतले.

कॅम्परचं काय? तो खळ्यावरच राहिला. वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या तारा इतक्या खाली आल्यात की टपाला लागल्याच असत्या. घरातून एक वायर ओढून लाईट घेतली, बोअरचं पाणी टाकीत भरलं. टॉयलेटची टाकी मात्र घरच्या सेप्टिक टँकमध्येच रिकामी करायची. ओढ्यात, नदीत बिलकुल नाही. येरळेला आधीच पाणी कमी, त्यात आपली भर नको. संध्याकाळपर्यंत निम्मी आळी कॅम्पर बघून गेली. एका आजींनी आत येऊन गॅसची शेगडी, बेड, बेसिन सगळं तपासलं आणि निकाल दिला, “बरंय. पर चूल कुठंय?”

मळ्यापर्यंतचे तीन किलोमीटर

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, ऊन चढल्यावर, आम्ही निघालो. आधी टाकीत ताजं पेट्रोल, टायरमध्ये हवा, ब्रेक चेक, चेनला तेल. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू, आरसी दोनदा रिन्यू केलेली. दोघांना हेल्मेट. आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेट घातलं आणि आरशात बघून म्हणाले, “अंतराळात चाललोय काय?”

त्यांना गाडीवर बसवणं सोपं नव्हतं. खळ्याच्या कट्ट्याला बाईक लावली, चुलतभावानं मागून धरलं, आईनं पाय उचलला. आजोबा बसले आणि त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवले. लहानपणी याच गाडीवर मी पुढे टाकीवर बसायचे आणि ते मागून हात घालून हँडल धरायचे. आता उलट.

पहिला स्टॉप त्यांनी सांगितला तिथे : हुतात्मा स्मारक. ९ सप्टेंबर १९४२ ला, ‘चले जाव’च्या आंदोलनात, आसपासच्या गावांतून आलेला मोर्चा वडूजच्या कचेरीवर गेला आणि पोलिसांनी गोळीबार केला. नऊजण गेले. त्यात वडगावचे परशुराम घार्गे होते, हातात तिरंगा घेतलेले. आजोबा तेव्हा पाळण्यात होते. त्यांनी ऐकलं ते त्यांच्या वडिलांकडून, आणि शाळेत शिकवत होते तोवर दर नऊ सप्टेंबरला मुलांना सांगितलं. त्या दिवशी ते गाडीवरून उतरले नाहीत, उतरणं-चढणं जमलं नसतं. बसूनच हेल्मेट काढलं, हात जोडले. “चल,” म्हणाले.

पुढे डांबरी संपली. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, खड्डे चुकवत, शाळूच्या दोन भिंतींमधून. मागून सूचना चालूच : “डावीकडनं घे. तिथं दगड आहे.” दगड खरंच होता. रस्ता त्यांना हातांनी पाठ होता. ओढ्याच्या उतारावर मी ब्रेक दाबला, तर म्हणाले, “ब्रेक नको, गिअरवर सोड.” मळ्यात पोचायला पंचवीस मिनिटं लागली. तीन किलोमीटरला पंचवीस मिनिटं! पुण्यातल्या ट्रॅफिकपेक्षाही स्लो, आणि मला ते संपू नये असं वाटत होतं.

बांधावरच्या लिंबाखाली गाडी लावली. चुलतभावाच्या मुलानं आगटी पेटवून हुरडा भाजायला घेतला होता. आजोबा खुर्चीवर बसून शाळू बघत राहिले, बराच वेळ. विहिरीत पाणी किती, मोटर कुठल्या कंपनीची, कांद्याला भाव काय मिळाला, सगळी चौकशी झाली. आजीचं नाव निघालं नाही. पण निघताना त्यांनी त्या लिंबाच्या खोडाला हात लावला. झाड आजीनं लावलेलं होतं, हे मला आईनं नंतर सांगितलं.

औंध, मायणी आणि मोकळा रस्ता

तिसऱ्या दिवशी आजोबांनी विश्रांती घेतली आणि मला गाडी दिली. शेवटची फेरी म्हणून सकाळी औंध आणि दुपारी मायणी.

औंध म्हणजे पंतप्रतिनिधींचं संस्थान. डोंगरावर यमाई आणि त्याच डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय, १९३८ मध्ये सुरू झालेलं. आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्पही. होय, तोच हेन्री मूर, लंडनवाला, इथे खटाव तालुक्यात! हे सगळं जमवणारे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे प्रचारक होते, आणि १९३९ मध्ये त्यांनी आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देऊन टाकली. याच संस्थानाच्या आधारावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आज सांगली जिल्ह्यात असलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. लक्ष्मणरावांचा पहिला धंदा माहितीये? १८८८ मध्ये बेळगावला सायकलचं दुकान! म्हणजे या भागाचं आणि दुचाकीचं नातं तसं जुनंच.

मायणीच्या तलावावर हिवाळ्यात पक्षी येतात. २०२१ मध्ये मायणी-येरळवाडी परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगो दरवर्षी दिसतीलच असं नाही. पाणी किती आहे त्यावर ते अवलंबून असतं. मला फ्लेमिंगो दिसले नाहीत. बगळे दिसले, बदकं दिसली आणि रस्ता दिसला. सरळ, रिकामा, दोन्ही बाजूंना माळ. स्प्लेंडर साठच्या वर गेली की थोडी थरथरते, म्हणून पन्नासवर. या रस्त्यांवर कॅम्परनं आले असते तर फक्त काचेतून बघितलं असतं. बाईकवर वारा लागतो, शेणाचा वास येतो, वाटेत हात करणाऱ्या शाळकरी पोराला मागं घेता येतं. चाकांवरच्या घराबरोबर दोन चाकं का न्यायची, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

बाईक नेताय? हे लक्षात ठेवा

• वजन नेहमी गाडीच्या दोन आसांच्या मध्ये किंवा पुढे. मागच्या टोकाला टांगलेली प्रत्येक वस्तू तिच्या वजनापेक्षा जास्त जड असते.

• पट्टे हँडलच्या मुठींना नाही, तर खाली, जिथे शॉकअप हँडलच्या पट्टीला जोडतो तिथे बांधा. चार कोपऱ्यांना चार पट्टे.

• पुढचा शॉकअप अर्धा दाबा, पूर्ण नको. सील फाटतात.

• स्टँडवर उभी करून बांधू नका. भार टायरवर राहू द्या.

• आरसे आधीच काढून ठेवा. पेट्रोल कमीत कमी ठेवा, कॉक बंद करा.

• चढवताना इंजिन बंद, फळी जाड, माणसं तीन. एकट्यानं हिरोगिरी नको.

• पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढा. सैल पडलेले असतातच.

• आरसी, इन्शुरन्स, पीयूसीच्या प्रती पिकअपवाल्याजवळही द्या.

सही

निघायच्या दिवशी सकाळी चुलतभावाचा मुलगा फॉर्म घेऊन आला. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. नुसती किल्ली देऊन भागत नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते. आजोबांनी दोन्ही फॉर्म चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. विक्रीच्या किमतीच्या रकान्यावर पेन थांबलं.

“किती लिहू आप्पा?” पोरानं विचारलं.

“एक रुपया लिही. फुकट दिलेल्या गाडीला कोणी तेलपाणी करत नाही.”

त्यानं खिशातून रुपया काढून खरंच दिला. आजोबांनी सही केली, शाळामास्तरांची, वळणदार. मग पोराला जवळ बोलावून किल्ली देताना एवढंच म्हणाले, “कडबा आणशील, खताची पोती आणशील. मागं जास्त लादू नको. उलाळ होते.”

आमचा कॅम्पर खळ्यावरून निघाला, तेव्हा स्प्लेंडर रस्त्याच्या वळणापर्यंत पुढे चालली होती, तारा चुकवत वाट दाखवायला.